कुसूचा घास

सोनारीच्या काळभैरवाच्या पायरीवर त्या रविवारी सत्यभामा माकडांना फुटाणे टाकत होती. एवढ्यात एक पिल्लू झेप घेऊन थेट तिच्या लुगड्यालाच चिकटलं. पांढुरकं, हाडकुळं, आणि... शेपूटच नाही!

"अगं बया! ह्याचं शेपूट कुठं ठिवून आलाव, पाव्हणं?" मागून धावत आलेल्या तरुणाला तिनं विचारलं.

"ह्याला नसतंच. सोडा की त्याला."

"म्या कुठं धरलंय? त्यानंच धरलंय मला!"

खरंच होतं ते. चिमुकल्या मुठी सुटता सुटेनात. सोडवायला वाकलेल्या तरुणाची बोटं तिच्या पदराला लागली, तसा तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. सत्यभामेला हसू आवरेना.

तो मुरूम गावचा विरुपाक्ष. निजामाच्या राज्यातले ते दिवस. परंड्याजवळच्या एका जहागीरदारांना जनावरांचा भारी शौक. त्यांच्या बागेत पिंजऱ्यात वाघ होता, हरणं होती, आसामातून आणलेली बिनशेपटीच्या हुलूक वानरांची जोडीही होती. त्या सगळ्यांची देखभाल विरुपाक्ष करायचा. हुलूक मादी व्याली, पण पिल्लाला तिनं जवळच केलं नाही. ते बाटलीला तोंड लावीना, म्हणून हा भैरवाला नारळ फोडायला आला होता.

त्या दिवशी सत्यभामेच्या मांडीवर पिल्लू शेळीचं दूध पहिल्यांदा पोटभर प्यालं. मग काय, ते तिच्याकडेच ठेवायचं ठरलं. जहागीरदारांचा हुकूम एवढाच होता – फळ खायला लागलं की परत आणायचं.

विरुपाक्ष दर रविवारी बघायला येई. कानडीत तान्ह्या बाळाला कूसु म्हणतात, म्हणून तो पिल्लाला कुसू म्हणायचा.

"कुसूला माझी आठवण येती का?"

"न्हाय बा."

"मग कुणाला येती?"

"शेळीला..." म्हणत ती पदर तोंडाशी धरून आत पळाली.

पण तो लिंगायत, ही मराठ्याची लेक. तिचे वडील हिंमतराव काही आंधळे नव्हते. एकदा ते बायकोला म्हणाले, तेही पोरीला ऐकू जाईल अशा बेतानं, "जनावर हाय तवर यिऊ दे त्याला. जनावर गेलं की आपला उंबरा बंद. औंदा पोरीचं उरकायचं."

सत्यभामेनं ते ऐकलं, आणि तिथंच तिची बुद्धी फिरली.

त्यांच्या घरी अंगणात माकडांचा घास ठेवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नसे. एके दुपारी कुसूनं त्या घासातल्या केळाकडे हात लांबवला. तिनं केळ चटकन उचलून पदराआड लपवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेरच्या माकडांना घास, आणि मांडीवरचं लेकरू नुसत्या दुधावर! रविवार मात्र चालू राहिले.

थंडी सरली. कुसूचं अंग काळं होत गेलं, पण भरलं नाही. पोट सुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या. विरुपाक्ष त्याला उचलून बघे आणि गप्प राही. एका सकाळी ती चुलीपासून उठली, तसा कुसू तिच्या लुगड्यावरून घसरला आणि खाली पडला. मुठीत जोरच उरला नव्हता. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

रविवारी विरुपाक्ष आला. तिनं त्याच्यासमोरच केळ सोललं. कुसूनं ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि अधाशासारखं खाल्लं.

"कवापासून खातोय?"

"खायला मागत व्हता. म्याच... म्याच दिलं न्हाय." तिचे डोळे वाहू लागले. "दिलं असतं, तर तुमी पुन्ना आला नसता."

विरुपाक्षानं मान खाली घातली. "मला कळलं व्हतं. ह्याच जनावरांत दिवस जातोय माझा... पर म्या बी गप बसलो, सत्यभामा. रविवार जाईल म्हणून."

पहिल्यांदाच त्यानं नुसत्या नावानं हाक मारली होती. किती दिवस ती त्या हाकेची वाट बघत होती! आणि ती आली तेव्हा ठेवून घ्यायला जागाच उरली नव्हती.

"न्या त्याला," ती म्हणाली. "आपल्यापायी मरंल त्यो."

"आन् तू?"

ती आत गेली, लुगडं बदलून आली, आणि अंगावरून उतरवलेल्या त्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कुसूला तिनं त्याच्या हातात दिलं. बांधापाशी तो एकदा वळला. ती दारातच उभी होती... मग आतून आईनं हाक मारली.

पुढल्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला ती सासरहून आली, हातभर हिरव्या चुड्यानिशी. पायरीवर जहागीरदारांच्या बागेतला गडी उत्तरेश्वर भेटला.

"कुसू कसा हाय?"

"लई दांडगा झालाय! पर झोपताना तुमचं लुगडं लागतंच त्याला."

"आणि... विरुपाक्ष?"

"त्यो व्हय?" उत्तरेश्वर हसला. "याडाच हाय. ते लुगडं कुणाला धुऊ देत न्हाय."

सत्यभामेनं पदर तोंडाशी धरला, पूर्वी धरायची तसाच. या वेळी मात्र तिला हसू आलं नव्हतं.