ताईची बाजू

ताईनं जाताना कॉम्प्युटर बंद का केला नाही? आईला विचारलं, तर ती भांडी घासायला उठून गेली. ताई ज्यांच्यासाठी घरांचे नकाशे काढायची त्या इंजिनिअर साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आता त्याचं काय?" काय म्हणजे काय? दवाखान्यात जाताना तिला जराशी धाप लागत होती, बाकी काही नाही. दारातून वळून मला म्हणाली, "आलेच मी. हात लावू नकोस." ती आली नाही. कॉम्प्युटर तिनं नुसता झोपवून ठेवला होता, तो तसाच राहिला.

खरं सांगतो, मला त्या डब्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मी गोदामात खोकी उचलणारा, शाळा अर्ध्यात सोडलेला. पण मालकानं मालाच्या नोंदीचं बसून करायचं काम देऊ केलं, आणि त्याचा प्रोग्रॅम ताईच्या जुन्या सिस्टिमवर चालेना. नवी सिस्टिम हवी. सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला. आणि आईचं एकच, "तिचं काही पुसायचं नाही."

म्हणजे एकाच डब्यात दोन सिस्टिम.

"सोपं आहे," कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला. "एका घरात दोन बिऱ्हाडं. डिस्कच्या मधे भिंत घालायची. चालू केलं की दोन ओळी येतील, हवी ती निवडायची. फक्त आधी जुनी बाजू नीट बंद कर बाबा. झोपवलेली असली ना, तर मधे काय घडलं ते तिला कळत नाही. तिला वाटतं, सगळं होतं तसंच आहे."

मी मान डोलावली आणि नेमकं तेच केलं नाही. बंद करायचं म्हणजे आत जायचं, तिचं अर्धं टाकलेलं काम बघायचं. माझी छाती झाली नाही. नवी सिस्टिम तशीच रेटून घातली.

तिथून वैतागाला सुरुवात. चालू केलं की दोन ओळी यायच्या, वर माझी, खाली तिची. काही दाबलं नाही तर माझी उघडायला हवी. पण निवडीची पट्टी आपली आपण खाली सरकायची. मी वर न्यायचो, ती खाली. वर, खाली. कीबोर्ड झटकला, शेजाऱ्याचा आणून लावला, शेवटी उपटूनच काढला. कीबोर्ड माझ्या मांडीवर, वायर लोंबकळतेय, आणि पडद्यावर पट्टी सावकाश खाली गेली.

"ताई, पुरे ना आता!" मी ओरडलो.

स्वयंपाकघरातलं पाणी थांबलं. "कुणाशी बोलतोयस रे?"

"डब्याशी!"

कीबोर्ड परत लावून, बोट गच्च दाबून धरून, मी कसाबसा माझ्या बाजूला शिरायचो. तिथे डिस्कचं चित्र दिसायचं, तिचा भाग निळा, माझा हिरवा. मी बरोबर अर्धा अर्धा केला होता. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा निळा कमी होता. तिसऱ्यांदा आणखी कमी. मी माझी बाजू उघडली की तिची आटायची. मी कुणाला तरी शिव्या घातल्या, कुणाला ते माहीत नाही.

लहानपणी आम्हा दोघांना एकच खोली होती. मी भांडून मधे खडूची रेघ ओढली होती. मी झोपलो की ताई ती पुसायची आणि स्वतःच्या बाजूला सरकवून नवी ओढायची. सकाळी माझी जागा वाढलेली. वर म्हणायची, "तू लोळतोस ना गाढवासारखा, तुला जास्त लागते."

दुरुस्तीवाल्यानं घरी येऊन चित्र पाहिलं. त्याची थट्टा बंद झाली.

"भिंत अशी हलत नाही," तो म्हणाला. "आतून कुणी सरकवली तरच..." त्यानं चष्मा पुसला. "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"विषय बदलू नका."

"पूर्ण सरकली तर तिचं काहीच उरणार नाही. आत जा, तिचं काम सेव्ह कर, नीट बंद कर. मी थांबत नाही."

आई दारात उभी होती. "बंद केलं तरी आत राहील ना तिचं?"

"राहील."

"मग कर. पण हळू..."

भर दुपार होती. मी ताईच्या चाकांच्या खुर्चीत बसलो आणि पट्टीला खाली जाऊ दिलं. पंखा घुमायला लागला. उन्हानं तापलेल्या धुळीचा वास होता, मग त्यात हळूहळू बामचा वास मिसळला, ती कपाळाला चोळायची तो. पडदा उजळला. कुणाच्या तरी घराचा नकाशा. त्यात एक जिना, निम्म्यावर येऊन तुटलेला. पायऱ्या हवेत संपत होत्या.

माऊसचा बाण त्या शेवटच्या पायरीपाशी थरथरत होता. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"ताई... मी आहे."

बाण थांबला.

मी माऊस धरला. तो कोमट होता. काम सेव्ह केलं आणि बंद करायचं बटण दाबलं. पडदा विझला नाही. मधोमध एक चौकट आली.

'अजून कुणीतरी हा कॉम्प्युटर वापरत आहे. आता बंद केला, तर त्यांचं सेव्ह न केलेलं काम जाईल. तरीही बंद करायचा?'

सेव्ह न केलेलं? मी तर आत्ताच केलं होतं. चौकटीच्या मागे नकाशा दिसत होता. मी पायऱ्या पुन्हा पाहिल्या. आता जी शेवटची होती, ती पायरी मघाशी नव्हती.

"काय म्हणतंय रे ते?" आईनं विचारलं.

"काही नाही. वेळ लागेल म्हणतंय."

मी 'नको' दाबलं. तिथूनच मालकाला फोन लावला, काम दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं. माझी बाजू मी पुन्हा उघडणार नव्हतो. मग उठलो, खुर्चीची बैठक हातानं पुसली, तिला आवडायची तशी खिडकीकडे जराशी तिरकी केली, आणि मागे ओढून ठेवली, बसायला सोपं जावं म्हणून.