शेवटच्या रांगेतली मधली सीट

पेटीतल्या माणसाचं डोकं विमानाच्या नाकाकडे असतं की शेपटीकडे?

धाकट्याने हे आधी विमानतळावरच्या मालखात्यातल्या कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, "इथे सही करा." मग वजन करणाऱ्याला विचारलं. त्याने काट्याकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं आणि पुन्हा काट्याकडेच बघितलं. शेवटी एका हमालाला दया आली. "पेट्या शेपटीकडे ठेवतो, एवढं ठाऊक. डोक्याचं कोण बघतं?"

पण बघायला हवं होतं. पेटीत दादा होता, आणि दादाला उलट्या तोंडाने प्रवास सोसत नसे. टेम्पोच्या मागे तोंड करून बसला की दहाव्या मिनिटाला काकडीसारखा हिरवा व्हायचा. तोच दादा, परमुलखात कामाला लागल्यावर, दर सुट्टीत विमानातून उतरून शहाणपण शिकवायचा. "पंखावरची सीट घ्यावी, हेलकावे कमी. पाय लांब करायचे तर कडेची. शेवटची रांग? जन्मात नको. पाठ मागे जात नाही आणि संडासाचं दार कानाशी."

तिकीट खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पंखावरची एक आहे, देऊ?"

"शेवटची रांग द्या. मधली."

"अहो, ती कुणी मागत नाही!"

"माझा भाऊ तिथेच आहे."

तिने संगणकात शोधलं. "त्यांची सीट दिसत नाही."

"खाली आहे," धाकटा म्हणाला. मुलीने मधली सीट दिली.

एका बाजूला कुणी अनोळखी काका बसले होते, त्यांनी कोपरांनी दोन्ही हात टेकायच्या जागा बळकावल्या. दुसरीकडे मावशी, मांडीवर भलीमोठी पर्स. पाठीमागे संडासाचं दार धाडधाड वाजत होतं. दादा अगदी खरं बोलायचा.

जेवणं झाली. भरदुपारी सगळ्यांनी खिडक्या बंद केल्या, दिवे मालवले. अंधारात इंजिनाची एकसुरी घरघर तेवढी उरली. आणि मग वास आला. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. दादाच्या अंथरुणाला यायचा तोच.

पायाखालून आवाज आला. ठक... ठक.

धाकट्याने पाय उचलून सीटवर घेतले. घरी दोन मजली पलंग होता. दादा खाली, हा वर. रोज निजताना दादा खालून फळीला दोनदा लाथ मारायचा, म्हणजे, झोपलास का? वरून टाचेचा एक ठोका, म्हणजे, मी जागा आहे. तो ठोका ऐकल्याशिवाय दादा झोपत नसे. आणि ऐकला की लगेच घोरायला लागायचा.

ठक... ठक.

"अहो, पाय आवरा की!" मावशी कुजबुजल्या.

"माझे नाहीत..."

मावशींनी त्याच्या पोटाशी धरलेल्या पायांकडे बघितलं. मग पर्सही उचलून छातीशी धरली.

हवाईसुंदरी आली. "सामान सरकलं असेल. आणि सीट सरळ करा, समोर उतरायचा दिवा लागलाय."

"मी मागे केलीच नाही."

"ही मागे जातच नाही," ती म्हणाली आणि तिने सीटची पाठ चाचपली. पाठ आरामखुर्चीसारखी कललेली होती.

एवढ्यात विमानाने गचका खाल्ला. दुसरा. तिसरा. पायाखालून कण्हणं आलं... ओळखीचं, काकडीच्या रंगाचं. धाकट्याने समोरच्या खिशातली उलटीची कागदी पिशवी उचलली आणि वाकून सीटखालच्या सुटलेल्या पट्टीच्या फटीत सारली. ती त्याने सोडली नाही. कुणीतरी खालून ओढून घेतली.

ठक... ठक.

टाच उचलली, पण टेकवेना. ठोका दिला की दादा झोपणार.

विमान उतरलं. मालाच्या दारात पेटी आली, सील शाबूत. पेटीच्या पट्ट्याखाली तीच कागदी पिशवी खोचलेली होती. तोंड दोनदा दुमडलेलं, कोपरा आत. दादाचीच घडी, टेम्पोतही तो पिशवी अशीच दुमडायचा. धाकट्याने हात लावला. गरम होती.

"डोकं कुठल्या बाजूला?" गाडीवाल्याने विचारलं.

विचारणारा हा पहिलाच. "पुढे घ्या," धाकटा म्हणाला, "त्याला उलटं सोसत नाही."

गाडीवाल्याने शेजारची गादीची सीट दाखवली. धाकटा मागे पेटीजवळ, पत्र्यावर बसला. दार लागलं. लाकडातून हळूच आलं, ठक... ठक.

धाकट्याने डोळे पुसले आणि टाचेने एकदाच ठोकलं.