मोरीत ओतलेलं पाणी

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात घडली, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. आयुष्यात तिनं थाप एकच मारली. तीच तिला भोवली.

वार शनिवार. वेळ दुपारी तीनची. भुतानं यावं अशी ही वेळच नव्हे, हे मलाही कळतं.

जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लिफ्ट नाही. खाली उतरायला चोपन्न पायऱ्या.

तिथे बहीण आणि तिच्या सासूबाई राहायच्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सासूबाई अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, आणि चर्चमधल्या वेदीवरची कापडं धुण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. एकेचाळीस वर्षं केलं. एक शनिवार चुकवला नाही.

त्या कापडांची एक रीत असते. त्यांवर ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीचे कण सांडलेले असू शकतात. म्हणून पहिल्या धुण्याचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं. सासूबाई ते पाणी निळ्या काठाच्या पांढऱ्या घमेल्यात घेऊन जिना उतरायच्या, कुंपणाजवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायच्या. गुडघे कामातून गेले तरी उतरायच्या.

एक पायरी. मग थांबायचं. श्वास घ्यायचा. मग दुसरी.

"आई, तुमच्या देवाला एक लिफ्ट बसवायला सांगा की," बहीण चिडवायची.

"वर गेल्यावर बसायचंच आहे गं निवांत," त्या हसून म्हणायच्या.

मग त्यांनी अंथरूण धरलं आणि काम बहिणीकडे आलं. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर. दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन सासूला उचलायचं, पुसायचं, भरवायचं. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, तर ही कापडं.

पहिल्या शनिवारी ती खाली गेली. दुसऱ्या शनिवारी घमेलं घेऊन दारापर्यंत आली, जिन्याकडे बघितलं, आणि मागे फिरली.

पाणी मोरीत ओतलं.

"मातीत ओतलंस ना गं?" आतून आवाज आला.

"हो आई."

असे अकरा शनिवार गेले.

शेवटच्या दिवशी सासूबाईंनी तिचा हात धरला. "माझं काम तू नीट केलंस. आता मी सुटले." तासाभरात गेल्या. बहिणीला रडूही आलं नाही, इतकी ती दमली होती.

कापडं फादरनी दुसरीकडे दिली. घमेलं मोरीतल्या खिळ्याला टांगलं गेलं.

पुढच्या शनिवारी बहीण दुपारी आडवी झाली होती. डोळा लागतच होता, तेवढ्यात जिन्यावर...

एक पाऊल.

मग काहीच नाही.

मग एक लांब श्वास... आणि दुसरं पाऊल.

शेजारचं कुणी असेल म्हणून तिनं कूस बदलली. थोड्या वेळानं तळमजल्यावरचे कंपाउंडरकाका धापा टाकत वर आले. "अहो सूनबाई, जिनाभर पाणी सांडलंय! माझं कंबरडं मोडलं तर सेवा कोण करणार?"

पायरीपायरीवर ओले थेंब होते, थेट कुंपणाजवळच्या झाडापर्यंत. बुंध्याची माती भिजलेली.

ती मोरीत धावली. घमेलं खिळ्यालाच होतं...

पण त्यातून पाणी ठिबकत होतं.

त्यापुढच्या शनिवारी ती घमेल्यासमोर पाट टाकून बसली. तीन वाजले. घमेलं हललं नाही. तिची पापणी एकदाच लवली...

खिळा रिकामा होता. जिन्यावर पाऊल वाजलं.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी भुताखेतांची टिंगल करणारी बाई. म्हटलं, "झोप झाली नाही तुझी." तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "ताई, त्या सुटल्या नाहीत गं. माझ्यामुळे अजून जिना उतरतायत."

तिनं फादरना सगळं सांगितलं. म्हातारे फादर म्हणाले, "बाळ, दमलेल्या माणसावर देव रागावत नाही."

"देव नसेल रागावत, फादर. पण गुडघे आईंचे दुखतायत."

फादर उठले. त्यांनी कापडांचं गाठोडं तिच्या हातात दिलं.

तिसऱ्या शनिवारी तिनं कापडं धुतली आणि भरलेलं घमेलं घेऊन निघाली. घमेलं जड होतं, हात भरून आले. एक मजला उतरली. वळणावर आली आणि...

घमेलं एका बाजूनं हलकं झालं.

डावीकडचा काठ कुणीतरी धरला होता. कानाशी लांब श्वास ऐकू आला.

"आई, सोडा. मी नेते," ती म्हणाली.

काठ सुटला नाही. थांबत थांबत, झाडापर्यंत.

याला तीन वर्षं झाली. बहीण ताप असो, पाय सुजलेले असोत, एक शनिवार चुकवत नाही. परवा मी तिला म्हटलं, "एवढं केलंस, आता तरी मन शांत झालं का?"

ती हातातलं रिकामं घमेलं खिळ्याला लावत होती.

"ज्या दिवशी हे भरल्यावर मला दोन्ही बाजूंनी जड लागेल ना ताई, त्या दिवशी आई सुटल्या असं समजेन."

"आणि आज?"

तिनं ओले हात पदराला पुसले.

"आजही हलकंच होतं."