नजर पानावर

प्रकाशनाच्या कचेरीतल्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि प्रूफं तपासणाऱ्या तिच्यासमोरची खुर्ची रिकामी पडली. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील पानावर नजर ठेवायची, अशी तिथली रीत. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सहज चौकशीला आलेल्या कादंबरीकारालाच धरून बसवलं.

"विरामचिन्हांसकट वाचायचं," ती चष्मा सावरत, मान वर न करता म्हणाली.

"म्हणजे... ती दाराशी थांबली स्वल्पविराम आणि लाजली पूर्णविराम? अहो, असं कोण लाजतं?"

तिला हसू फुटलं.

मग तो रोजच येऊ लागला. कादंबरीचा शेवटचा भाग अजून लिहून व्हायचा होता. होईल तसा आणायचा. तो वाचत असताना तिला त्याच्याकडे बघताच यायचं नाही. कामच तसलं! तिच्या वाट्याला आला तो फक्त त्याचा आवाज. घरी आईनं हाक मारली, तरी तिच्या कानात तोच.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" आई करवादायची.

कुठं म्हणून सांगणार?

आज शेवटचं प्रकरण. तिची सही झाली की पानं छपाईला जाणार, आणि त्याला इथं यायला काही निमित्त उरणार नव्हतं.

"थांबा," ती अचानक म्हणाली. "तुमची नायिका सुरुवातीला लांबच्या बोटीवरचं नाव नुसत्या डोळ्यांनी वाचते ना? मग मध्येच तिला चष्मा कुठून लागला? आणि केसांत ही पेन्सिल?"

"कुणाच्या लक्षात येणारे?"

"माझ्या आलं ना! वाचकही इथंच अडखळेल."

त्यानं हातातलं हस्तलिखित खाली ठेवलं. "तो भाग मी... इथं यायला लागल्यावर लिहिलाय."

तिचे कान तापले. केसांतली पेन्सिल काढावी की राहू द्यावी, कळेना. असू दे की, मन म्हणालं. निदान पुस्तकात तरी राहशील त्याच्याजवळ. नाहीतर आणखी एक प्रूफ मागव... तेवढेच चार दिवस येईल.

पण शेवटच्या पानावर नायिकेला दूरवरून तीच बोट ओळखायची होती. सगळी कादंबरी त्या एका नजरेवर उभी.

तिनं चष्मा खोडला. पेन्सिलही. खाली सही केली.

"सगळंच काढलंत?" त्याचा आवाज उतरला. "मग तुम्ही उरलाच नाहीत त्यात."

"मी इथं आहे ना..." ती कशीबशी म्हणाली. "उद्या या. काम नसलं तरी."

"आणि काय वाचू?"

"काहीच नको. नुसतं बोला," तिनं मान वर केली. "मी बघत बसेन."