केटाची खोली

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या, एसिनामताईच्या घरात घडलेली आहे.

गेल्या नोव्हेंबरात आन्लोगाला आमच्या एवे लोकांचा मोठा सण होता. तो लेकीला दाखवायचाच, असं ताईने ठरवलं. सणाआधी जवळच्याच केटाला, समुद्रकाठी थोडे दिवस राहायचं. पण राजधानीतल्या, अक्राच्या घरून फोन करून करून ती दमली. एकही खोली रिकामी नव्हती.

"निम्मं केटा तुझ्या नात्यातलं म्हणतेस, आणि एक चटई मिळेना?" भावोजींनी टोमणा मारला.

"तुमच्या कुमासीला समुद्र नाही ना, तिथे मिळतील खोल्या हव्या तेवढ्या!"

ओपोकू भावोजी कुमासीकडच्या असांते लोकांतले. घरात ट्वी बोलणारे. एवे भाषेतलं अवाक्षर त्यांना कळत नाही.

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

बाईचा आवाज. म्हातारा, पण गोड.

"खोली हवीय ना? माझं घर अगदी पाण्यापाशी आहे. या."

ताईला वाटलं, नंबर भावोजींनी दिला असेल. भावोजींना वाटलं, ताईने.

मग रोजच फोन यायला लागले. कधी ताई उचलायची, कधी भावोजी, कधी त्यांची लेक, छोटी सेफाकोर. बाईच्या आवाजामागे सतत लाटा ऐकू यायच्या...

निघायचा दिवस आला. व्होल्टा नदीचा पूल ओलांडल्यावर ताई सहज म्हणाली, "बाई काय जुन्या वळणाचं एवे बोलते! थेट माझी आजीच."

भावोजी हसले. "एवे? अगं, ती अस्सल कुमासीची ट्वी बोलते. मला वाटलं, आमच्याकडचीच कुणी असेल."

मागच्या सीटवरून सेफाकोर म्हणाली, "माझ्याशी तर इंग्रजीत बोलते. शाळेतल्या मिससारखी."



"गाडी वळवा," ताई म्हणाली.

"का? बाईला तीन भाषा येतात म्हणून? वेडी का तू?"

भर दुपारी ते केटाला पोचले. रस्ता वाळूत संपला.

तेवढ्यात फोन आला.

भावोजी तो कानाला लावूनच उतरले. दुसऱ्या हातात सेफाकोरचा हात.

"हो, आलो. सरळ? बरं..."

सरळ समोर समुद्र होता.

घर नव्हतं. साधी झोपडीसुद्धा नव्हती.

ताईला वाटलं, पाण्याशी जाऊन थांबतील. ते थांबले नाहीत.

"दार उघडंच आहे," ते म्हणाले... आणि गुडघाभर पाण्यात शिरले.

ताई किंचाळत धावली. लेकीचं मनगट धरून तिने जीव खाऊन ओढलं. भावोजींची पकड सुटेना. तेवढ्यात मोठी लाट आली. सेफाकोर ताईच्या हातात राहिली.

भावोजी दिसेनासे झाले.

जाळं ओढणारे कोळी दोर टाकून धावले. त्यांनी भावोजींना बाहेर काढलं. शुद्धीवर होते. फोन मात्र गेला.

एक म्हातारा कोळी समुद्राकडे बघत म्हणाला, "इथे आमची अख्खी आळी होती. माझ्या बापाच्या वेळी पाण्याने घेतली."

"तिथे कुणी म्हातारी बाई राहायची का?" ताईने विचारलं.

"बाया सगळ्याच घरांत राहायच्या, पोरी."

सण राहिला बाजूला. ते तसेच परत फिरले. वाटेत ताईने पाव घेतला.

"मला नको," भावोजी म्हणाले. "पोट भरलंय."

"कशाने? सकाळपासून नुसत्या चहावर आहात."

ताई त्यांच्या तोंडाजवळ वाकली.

श्वासाला ताज्या तळलेल्या माशाचा वास येत होता...

त्या दिवसापासून भावोजी घरी जेवलेले नाहीत. डॉक्टर झाले, पाद्री झाले. ते ताटावर बसतात, अन्नाकडे बघतात आणि उठतात.

गेल्या रविवारी मी भेटायला गेलो. वाटलं होतं, माणूस पार खंगला असेल.

भावोजी चांगले गुबगुबीत झालेत. शर्टाची बटणं लागत नाहीत.

जेवता कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.