मृणालीची बटणं

भिंतीवरची मृणालीची कापडी पट्टी सकाळी कोरी सापडली. काल संध्याकाळपर्यंत तिच्यावर रंगीत बटणांची रांग होती.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आबिदाबाईंच्या शिवणवर्गाची रीतच तशी. काज नीट झालं, बाही बसली, की एक बटण. ते आपल्या पट्टीवर आपणच शिवायचं. जिची पट्टी आधी भरेल, तिनं शिलाई मशीन घरी न्यायचं आणि वर्ग संपवायचा. मृणालीला एकच बटण कमी होतं. तिच्या मागोमाग होती अफीफा.

आबिदाबाईंनी मागचापुढचा विचार न करता सगळ्यांदेखत अफीफाची पिशवी उलटी केली. डबा, कंगवा, चिंध्या. बटण एकही नाही. अफीफा खाली मान घालून सामान भरू लागली, तेव्हा बाईंना आपलीच लाज वाटली.

"काल शेवटी कोण होतं?"

"मी आणि मृणाली," अफीफा म्हणाली. "लोडशेडिंग झालं तशी मी निघाली."

"मृणाली, तू काही पाहिलंस?"

"न्हाय." खारबाव गावाहून येणारी ती पोर जरा थांबली. "आता सगलं पयल्यापासून करायचं ना, बाई?"

आवाजात रडू नव्हतं. बाईंनी पट्टी उजेडात धरली. दोरे उलट्या बाजूनं जपून कापलेले. मग त्यांनी बटणांचा डबा उघडला. काल तळाला गेलेला डबा आज अर्धा भरला होता.

दुपारी त्यांनी मृणालीला बाजूला घेतलं.

"चोरानं बटणं ओरबाडली असती, स्वतःच्या पट्टीवर लावली असती. ही तर माझ्या डब्यात परत आली. म्हणजे काढणारीला जिंकायचंच नव्हतं. मशीन का नको तुला?"

"दादा बोलला, मशीन घरान आली का भिवंडीला जायचं बंद." मृणालीचे डोळे आता भरले. "मना हितं यायचं हाय, बाई. पन अफीफावर चोरीचा आल येल असं न्हाय वाटलं."

बक्षीस म्हणून आपण पोरीच्या दाराला कडीच घालत होतो. बाईंना स्वतःचा राग आला.

त्या अफीफाजवळ गेल्या, हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं, बेटा." आणि एक लाल बटण पुढे केलं.

"पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली होती, बाई."

बाईंनी सगळ्यांची मशिनं थांबवली. सगळ्यांसमोर माफी मागितली. यापुढे बक्षिसाचं मशीन वर्गातच राहील, जिंकणारीनं इथं येऊन चालवावं, असंही सांगितलं. मृणालीही रडत उभी राहिली, बटणं आपणच काढल्याचं तिनं कबूल केलं.

अफीफानं ऐकून घेतलं. लाल बटण उचलून डब्यात परत टाकलं.

"बटण काम केल्यावर मिळतं, बाई," ती म्हणाली, आणि शिवायला बसली.