दोन शेर दूध देणारी कालवड

आर्वीच्या त्या गोठ्यात चार शिलाई मशिनी होत्या आणि जनावर एकही नव्हतं. गोठ्याचा अर्ज लवकर मंजूर होतो असं बाजारात कुणीतरी सांगितलं, आणि भाजीचा मळा असलेले अण्णाजी अर्जात बिनधास्त 'गोठा' लिहून आले. मग लेकीसाठी त्यांनी पक्क्या विटांची खोली उठवली. नलू तिथे अकरा मुलींना शिवण शिकवायची. हा वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण.

अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकात नगरपालिकेची नोटीस आली : बांधकाम परवान्याप्रमाणे नाही, पाहणी होईल, दोष आढळल्यास पाडण्यात येईल. अण्णाजींची पाचावर धारण बसली. त्यांनी शेजारच्या मनकर्णाबाईंचं जनावर आणून खोलीत बांधलं, मशिनींवर गोधड्या टाकल्या आणि स्वतः मळ्यात पसार झाले.

पाहणीला येणारा पालिकेचा ओव्हरशियर म्हणजे कुणी टकल्या, खेकसणारा म्हातारा येणार, असं नलूने गृहीत धरलं होतं. सायकलवरून उतरला तो पंचविशीतला खुशाल.

"दूध किती देते?" त्याने गंभीरपणे विचारलं.

नलूने वर पाहिलं आणि तिथेच घोटाळा झाला. इतक्या हसऱ्या डोळ्यांच्या माणसाने नोटिशी घेऊन फिरूच नये!

"दोन शेर..." ती म्हणाली. "दोन्ही टाइम."

त्याने जनावराच्या पाठीवरून हात फिरवला. "कमाल हाये! मी कारंज्याचा, शेतकऱ्याचाच पोरगा. पण न व्यायलेल्या कालवडीले दूध देताना काई पाह्यलं नाई."

तेवढ्यात कालवडीने गोधडी ओढली आणि मशीन उघडी पडली. नलूचा चेहरा लालबुंद झाला, पण डोळ्यांत पाणी होतं.

"पाडसान का खोली? अकरा पोरी हायेत माह्या. उद्या आपल्या पायावर उभ्या राह्यतीन त्या..."

खुशालचं हसू मावळलं. "खोटं लिवलं, ते चुकलंच. पण पाडाले काऊन लागते? खरा नकाशा द्या, दंड भरा, अन् मागची भिंत तीन फूट आत घ्या. ते शेजारच्या हद्दीले चिकटली हाये. मंग खोली नियमित होते." त्याने खिशात हात घातला. "टेप धरता का?"

तिने टेपचं टोक धरलं. एक भिंत त्याने दोनदा मोजली.

"साहेब, हे तं आत्ताच मोजली."

"वाढली तं नाई ना... पाहून राह्यलो."

मग दर मंगळवारी तो यायचा. भिंत पडली, आत सरकून पुन्हा उभी राहिली. ओल्या सिमेंटचा वास, मुलींची खुसखुस, आणि दाराशी वाजणारी सायकलची घंटी... नलू दर वेळी चहा आणायची, तो दर वेळी हात जोडायचा.

"फाईल चालू असली की अर्जदाराच्या घरचा चहा नाई."

"विष नाई कालवलं त्याच्यात!"

"तेच तं भेव हाये," तो म्हणायचा, "की गोड लागीन."

आणि एका मंगळवारी टेप घेऊन आले ते बंडूजी, दुसरे ओव्हरशियर. खुशालने फाईल आपणहून सोडली होती. बंडूजींनी इंच इंच मोजलं, खोली मंजूर करून सही ठोकली आणि गेले. अण्णाजींनी पेढे आणले. नलूने आपला पेढा मुलींना देऊन टाकला.

संध्याकाळी घंटी वाजली.

"फाईल काऊन सोडली?" ती दारातच म्हणाली. "आमचा कंटाळा आला?"

"नात्यातल्या फायलीवर आपली सही चालत नाई."

"आपलं कोनतं नातं?"

"तेच..." खुशाल घंटीशी चाळा करत राहिला. "तेच विचाराले आलो. सही होईपर्यंत थांबलो मुद्दाम. तुमी नाई म्हटलं, तरी खोली आता कोनी पाडत नाई."

नलू झर्रकन आत गेली... बराच वेळ आलीच नाही. खुशालने निघण्यासाठी सायकल वळवली, तोच ती कपबशी घेऊन बाहेर आली.

त्याने कप घेतला. पहिलाच घोट सावकाश घेतला.

"दूध लय दाट हाये!"

"असनच," नलू पदर तोंडाशी धरत म्हणाली, "कालवडीचं हाये. दोन्ही टाइम दोन शेर देते."